ड्रायव्हरशेजारची गर्दी

माझ्या धाकट्या जावेला राग आला की ती ओरडत नाही, हसते. त्या दिवशी फोनवर ती इतकी हसत होती की मी टेबलावरून उठून जिन्यात गेले.

"ताई, तुमच्या साइटनं आज पुन्हा मला रस्त्यावर उभं केलं," ती म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, नोकरी सोडू की फोन?"

साइट खरोखर माझी होती. म्हणजे आमच्या कंपनीनं केलेली, आणि आमच्या कंपनीत हात मोजकेच असल्यामुळे बरीचशी मी केलेली. आम्ही तळवड्याला बसतो. खालच्या मजल्यावर पत्रे दाबून सुटे भाग करणारं प्रेसशॉप आहे, वर आम्ही वेबसाइटवाले. खाली मोठा प्रेस पडला की वर माझ्या चहावर गोल गोल लाटा उठतात. त्याआधी मी हिंजवडीला होते. तिथं चहाला लाटा नव्हत्या, पण आयुष्यातला चांगला मोठा तुकडा मी कंपनीच्या कॅबमध्ये पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत घालवला. इथं पगार थोडा उतरला आणि संध्याकाळ हातात आली. मला हा सौदा कधीच महाग वाटला नाही.

तर ती साइट. चाकणच्या एका ट्रॅव्हल्सवाल्या आण्णांची ती होती. बऱ्याच लहान कारखान्यांच्या कामगारांची ने-आण त्यांच्या बस करतात. परतीच्या बसमध्ये सीट हवी असेल तर मोबाईलवर साइट उघडायची, आपला थांबा निवडायचा आणि बटण दाबायचं. एवढंच काम. पण ते कधी करायचं यात सगळी मेख होती. आज ओव्हरटाइम आहे की नाही हे सुपरवायझर शिफ्ट सुरू होताना सांगतो. त्यामुळे घरून निघताना सीट सांगून उपयोग नाही. आणि लाइनवर मोबाईल न्यायला बंदी. सुपरवायझरचं बोलणं संपलं की बायका लॉकरपाशी जातात, घाईघाईनं सीट सांगतात, फोन लॉकरात टाकतात आणि कुलूप लावतात. मग सुट्टी होईपर्यंत फोन नाही.

जाऊ चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात आहे. रंगीत वायरी ठरलेल्या क्रमानं लाकडी फळीवर ओवून त्यांची जुडी करायची असते. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत का गं? तर म्हणाली, "ताई, घरात मला सगळे 'अगं' म्हणतात. तिथं मला नावानं हाक मारतात."  मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

ती लॉकरपाशी बटण दाबायची, फोन आत टाकायची आणि निर्धास्त कामाला लागायची. सुट्टी झाल्यावर बसपाशी जावं तर यादीत तिचं नाव नाही. उभ्यानं न्यायची परवानगी नाही, त्यामुळे ड्रायव्हर तरी काय करणार! मग माणसं कोंबून नेणारी वडाप जीप शोधायची, चाकणच्या चौकात अडकायचं आणि अंधारून येताना राजगुरुनगरला घरी पोचायचं. तोवर तिच्या लेकीची बालवाडीची व्हॅन येऊन गेलेली असायची. सासूबाईंचे गुडघे रस्त्यापर्यंत येऊ देत नाहीत. सासरे जायचे, पण एक दिवस ते दवाखान्यात गेले होते. पोर मेडिकलच्या दुकानात काउंटरवर बसून राहिली, दुकानदारानं दिलेली लिमलेटची गोळी चघळत. तिला मजा वाटली. घरात कुणालाच वाटली नाही.

माझे दीर हिंजवडीला नोकरी करतात. ते घरी येईपर्यंत पोर झोपलेली असते, त्यामुळे त्यांचं मत कुणी विचारत नाही. निर्णय सासऱ्यांनी सांगितला. ते निवृत्त शिक्षक. आवाज चढवत नाहीत, पण निकाल लावल्यासारखं बोलतात. "नवरात्र होऊ दे," ते म्हणाले. "तोवर असंच चाललं तर नोकरी सोडायची." घरात पितरांच्या पंधरवड्याची कामं चालू होती, म्हणजे मुदत काही लांब नव्हती.

हे सगळं मला जावेनं हसत हसत सांगितलं. मी जिन्यात उभी होते आणि मला आपल्याच साइटची लाज वाटत होती. कारण माझ्या फोनवर ती कधीच अडकली नव्हती. मी लगेच पुन्हा उघडून पाहिली. लोण्यासारखी चालली. मग मला जावेचाच राग आला, की बाई, तू नीट दाबत नसशील! हा राग मात्र मी तिला सांगितला नाही.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन राजगुरुनगरला गेले. सासूबाई त्याला अजून खेडच म्हणतात. जावेचा फोन साधा, स्वस्तातला, आणि त्यात पोरीच्या फोटोंची गच्च भरती. तिनं साइट उघडली. पान दिसलं. थांबा दिसला, बटण दिसलं. तिनं दाबलं. काही झालं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी फोनकडे. बराच वेळ पान नुसतं मख्खासारखं उभं होतं आणि मग अचानक जागं होऊन त्यानं सीट सांगितली. त्या मधल्या वेळात ती बिचारी फोन लॉकरात टाकून कुलूप लावून लाइनवर पोचलेली असायची, आणि स्क्रीन बंद झाली की फोन ते काम तसंच अर्धवट सोडून द्यायचा.

"बघा," जाऊ म्हणाली. "मी दाबते. मी रोज दाबते."

तिचा फोन लॅपटॉपला जोडून मी आत काय चाललंय ते पाहिलं. आमच्या पानाचं स्वतःचं काम जवळपास काहीच नव्हतं. बाकी सगळा वेळ पाहुण्यांनी खाल्ला होता. बाहेरच्या कंपन्यांच्या स्क्रिप्ट असतात, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेली कामं, जी आपल्या पानात येतात आणि वाचणाऱ्याच्या फोनकडून करून घेतली जातात. कोपऱ्यात एक गोल बुडबुडा होता, 'नमस्कार, मी काय मदत करू?' म्हणणारा. एक स्क्रिप्ट कोण आलं ते मोजत होती, दुसरी तेच पुन्हा मोजत होती, तिसरी बोट स्क्रीनवर कुठं फिरतं ते टिपत होती, आणखी एक आण्णांच्या अष्टविनायक सहलींच्या जाहिरातींसाठी होती. सगळ्यात वर झेंडूच्या फुलांचा वर्षाव चालू होता. साइट सोपवताना यातलं काहीही आम्ही घातलेलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता. माझा फोन महागाचा, म्हणून त्यानं तो मोती पेलला. जावेच्या फोनचं नाकच खाली आलं होतं.

सोमवारी मी चाकणला आण्णांच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे बसच्या आवारातली पत्र्याची शेड, बाहेर ग्रीसचा वास, आत गणपतीचा मोठा फोटो. आण्णांनी आधी चहा मागवला. त्यांच्याकडे चहा पिण्याआधी काम सांगितलेलं त्यांना ऐकूच येत नाही.

"आण्णा, साइटवर हे सगळं कुणी टाकलं?"

"आमीच टाकलं," ते अभिमानानं म्हणाले. "तुमच्या कंपनीतल्या पोरानं रकाना करून दिलाय न्हाई का, कोड चिकटवायचा. लय सोपं हाय."

"पण एवढ्या स्क्रिप्ट कशाला?"

"म्याडम, माणूस आपल्या दारात येतो. बसतो, चा पितो. त्याची बी कंपनी हाय, त्याला बी पोरंबाळं हायेत. फुकट देतो म्हणतो. आता त्याला न्हाई कसं म्हणायचं?"

म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर विकणारा आण्णांचा एक चहा पिऊन, एक स्क्रिप्ट चिकटवून गेला होता. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती इथं आपल्या सगळ्या नातेवाइकांना घेऊन राहायला आली होती. मी सांगितलं की हे सगळं काढून टाकूया. जावेचं नाव न घेता बायकांची अडचण सांगितली. आण्णांना ती खरंच लागली. त्यांनी कपाळावर हात मारला. पण काढायचं म्हटल्यावर मान हलवली.

"शब्द दिलाय. उद्या त्यो भेटला तर काय तोंड दाखवू? आन् ती फुलं तर आजिबात काढायची न्हाईत. ती आमच्या व्याह्यांच्या पुतण्यानं दिल्यात."

"घरचं झालं थोडं," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मी जीभ चावली.

"व्याह्यानं धाडलं घोडं!" आण्णांनी पुरं केलं आणि शेड हादरेल एवढं हसले. मग गंभीर झाले. "पर म्याडम, घोडं परत धाडता येत न्हाई. लेक दिलीय त्या घरात."

 मी चहाचा कप खाली ठेवून काही तरी कडू बोलणार होते, तेवढ्यात बाहेर एक बस आवारात शिरली आणि आण्णा ताडकन उठले. ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनच्या झाकणावर, दोघं-तिघं बसून गप्पा मारत आले होते. आण्णांनी दारातूनच आवाज दिला. "आरं, किती डाव सांगायचं? ड्रायव्हरजवळ कुणाला बसवायचं न्हाई! त्यानं रस्ता बघायचा का तुमची तोंडं? मागं बसा!"

माणसं मुकाट उतरली. आण्णा धापा टाकत परत येऊन बसले. माझा राग त्या क्षणी कुठं गेला कुणास ठाऊक. मला एकदम हलकं वाटलं.

"आण्णा, तुमच्या साइटवर हेच चाललंय," मी म्हटलं. "फोनमध्ये पान चालवणारा ड्रायव्हर एकच असतो. पान दाखवायचं त्यानंच, बोट कुठं पडलं ते बघायचं त्यानंच. आणि तुमचे सगळे पाहुणे त्याच्या शेजारी बसून त्याच्याशी बोलतायत. बाई बटण दाबते, तेव्हा तो मान वळवून फुलं बघत असतो."

आण्णांनी डोळे बारीक केले. "मग त्यास्नी मागं बसवा की."

"बसवता येतं. पण मागून त्यांना रस्ता दिसणार नाही. काही विचारायचं झालं, की निरोप घेऊन कुणी तरी पुढं जायला हवं आणि उत्तर घेऊन मागं यायला हवं."

"क्लीनर कशाला आसतो?" आण्णा म्हणाले. "उतरवायचं न्हाई ना कुणाला?"

"नाही."

"मग झालं तर. बसवा मागं."

इतक्या वर्षांत माझ्या कामाची मंजुरी इतक्या झटकन कुणी दिलेली नाही. हिंजवडीला याच गोष्टीसाठी तीन बैठका आणि एक सादरीकरण झालं असतं, आणि शेवटी पुढच्या तिमाहीत बघू म्हणाले असते.

ब्राउझरला अशी मागची जागा असते. तिला आम्ही वर्कर म्हणतो. तिथं बसलेलं काम कितीही वेळ चालू दे, पुढचा ड्रायव्हर अडत नाही. अडचण एवढीच, की मागून पानाला हात लावता येत नाही, आणि या पाहुण्या स्क्रिप्टना तर सारखा पानाला हात लावायची सवय. स्क्रीन किती रुंद आहे, बटण कुठं आहे, मी इथं जरा एक चौकोन काढू का! त्यासाठी तयार मिळणारं एक छोटं साधन मी बसवलं. ते मागं एक खोटं पान उभं करतं. स्क्रिप्टला वाटतं आपण खऱ्या पानाशी बोलतोय. ती प्रश्न विचारते, साधन निरोप घेऊन पुढं जातं, ड्रायव्हरला फुरसत मिळाली की उत्तर आणून देतं. तोवर स्क्रिप्ट थांबते. ताटकळायचं कुणी, तर पाहुण्यानं. घरच्यानं नाही. मला हे न्याय्य वाटलं आणि अजून वाटतं.

मोजणाऱ्या दोघी आणि बोट टिपणारी निमूट मागं गेल्या. जाहिरातवाली आधी कुरकुरली, कारण तिची फाइल तिच्या कंपनीच्या सर्व्हरवरून थेट मागं येईना. ती आमच्या सर्व्हरमधून फिरवून आणली तेव्हा गप्प झाली. बुडबुडा जरा उशिरा उगवायला लागला. कुणी तक्रार केली नाही. त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं, बिचारा नुसताच नमस्कार करत बसला होता.

अडली ती व्याह्यांची फुलं. प्रत्येक पाकळी प्रत्येक क्षणाला पानाला विचारायची, आता मी कुठं पडू? निरोप्या धावून धावून दमला. पाकळ्या हवेत थबकायच्या, मग झटका देऊन खाली यायच्या, मग पुन्हा थबकायच्या. मी आण्णांना दाखवायला गेले तर ते बघत बसले आणि म्हणाले, "ह्येला काय उचकी लागलीय का?"

दोन दिवस मी त्या फुलांशी भांडले. घटस्थापना तोंडावर आली होती. खाली प्रेस पडत होता, चहावर लाटा येत होत्या, आणि माझी चिडचिड इतकी वाढली की शेजारच्या टेबलावरच्यांनी हेडफोन घातले. फुलं मागं बसत नाहीत, पुढं बसवली तर ड्रायव्हरचं डोकं खातात, आणि उतरवायची नाहीत कारण लेक दिलीय! शेवटी जेवणाच्या सुट्टीत डब्यातली मटकी चिवडत असताना मला कळलं की मी चुकीच्या प्रश्नाशी भांडतेय. फुलं कुठं बसवायची हा प्रश्न नव्हताच. ती बसमध्ये केव्हा चढतात, हा होता. प्रवास संपल्यावर ड्रायव्हरशी कुणी कितीही बोलू दे.

मी फुलांची स्क्रिप्ट पान उघडताना आणणंच बंद केलं. सीट पक्की झाली की मग तिला बोलवायचं. बाईनं बटण दाबलं, सीट झाली, आणि मग तिच्यावर झेंडूची फुलं पडली.

आण्णा हे बघून इतके खूश झाले की त्यांनी माझ्यासमोरच व्याह्यांना फोन लावला. "तुमची फुलं आता वाया जात न्हाईत," ते सांगत होते. "ज्याचं काम झालं त्याच्यावरच पडत्यात." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण आण्णांनी मला आणखी एक चहा पाजला.

दिरांचा जुना फोन मी मागून आणला होता, जावेच्या फोनच्याच जातीचा. त्याच्यावर दाबून दाबून खात्री केली आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नवी साइट लावली. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी माझं कशात लक्ष लागेना. फोन आला तर ती हसत असणार. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. विचारावंसं फार वाटत होतं, पण मी विचारलं नाही. आपण विचारायला आणि नेमकी त्याच दिवशी बस चुकायला गाठ पडायची, असली भीती मला वाटते. शिकलेली असले तरी वाटते.

शेवटी तिचाच फोन आला, संध्याकाळी, घरून. मागं पोर काही तरी गात होती.

"ताई, माझा फोन आपोआप बरा झाला! मी नवा घ्यायला निघाले होते. आणि सीट झाली की आता फुलं पडतात. बायका फुलं पडेपर्यंत लॉकर बंदच करत नाहीत. सगळ्या एकमेकींना विचारतात, तुझी पडली का? सुपरवायझर ओरडतोय."

"फोन आपोआप बरा झाला?" मी म्हटलं.

"हो ना. बहुतेक मी फोटो उडवले म्हणून."

मी तोंड उघडलं, ड्रायव्हर, मागची सीट, निरोप्या, सगळं सांगायला. मग पोरीचं गाणं ऐकू आलं आणि म्हटलं, जाऊ दे. तिच्या हातून बरं झालं असं तिला वाटतंय तर वाटू दे. मला खरंच आनंद झाला होता आणि तो मला एकटीला पुरत होता. नवऱ्याला मात्र रात्रीच्या जेवणाला सगळं सविस्तर सांगितलं, दोनदा.

दसऱ्याला आम्ही राजगुरुनगरला गेलो. श्रीखंड होतं, दाराला तोरण होतं, दीरही घरी होते. जाऊ वाढत होती. नवरात्रात ती एकदाही उशिरा आली नव्हती, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. सासऱ्यांच्या मनात काय आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिली पुरी मोडताना ते म्हणाले, "नवरात्र झालं."

 जावेनं श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवलं.

"बाबा, मला एक सांगायचंय. परवा कंपनीत मला लाइन लीडर होतेस का विचारलं. मी हो म्हणून आलेय."

"घरात न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दिवाळी होऊ दे."

ती हसत नव्हती. म्हणजे रागावलेली नव्हती, घाबरलेली होती, आणि तरी बोलून गेली होती. दीर ताटात बघत होते. सासऱ्यांनी पुरी तशीच धरून ठेवली. मी मध्ये बोलणार होते, माझ्या नवऱ्यानं खालून माझा गुडघा दाबला.

सासूबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "लीडर म्हंजी काय करायचं आसतं गं?"

"लाइनवरच्या सगळ्या बायकांकडे बघायचं, आई. कोण आली, कोण आली नाही, कुणाचं काय अडलं, कुणाचं कुणाशी वाजलं. काम थांबू द्यायचं नाही."

सासूबाईंनी यावर नीट विचार केला. "म्हंजी मी या घरात जन्मभर क्येलं, त्येच की," त्या म्हणाल्या. "आन् त्येचा पगार देत्यात?"

"देतात."

"मग सोडायची न्हाई," सासूबाई म्हणाल्या, आणि सासऱ्यांच्या ताटात त्यांनी न मागता आणखी एक पुरी वाढली.